वारा ईशान्येकडून

पाडव्याच्या सकाळी अंबिका मला ओवाळत होती आणि तेवढ्यात विनीतचा मेसेज आला. अंबिका माझी बायको. तिला हल्ली हातातलं ताट नीट दिसत नाही, त्यामुळे निरांजन आधी माझ्या नाकाजवळून गेलं, मग कानाजवळून. मी मान मागे घेत घेत मोबाइल वाचत होतो. दिवाळीच्या शुभेच्छा मुलाने दोन ओळींत उरकल्या होत्या. पुढच्या अकरा ओळी हवामान होतं. सरोवरांच्या भागात यंदा हिवाळा लवकर येणार, मंगळवार १२ नोव्हेंबरपासून बर्फाची वादळं, रस्ते बंद पडण्याची शक्यता, विमानं रद्द, वयस्कर माणसांनी प्रवास टाळावा. शेवटी लिहिलं होतं, आईला समजावून सांगा, उन्हाळ्यात बघू.

अंबिकाने आपल्या मालवणीत लेकाची चौकशी केली, झील काय म्हणता. मी म्हटलं, शुभेच्छा दिल्यात. तिने ताट खाली ठेवलं आणि पाडव्याची ओवाळणी यंदा विमानाच्या तिकिटाच्या रूपात द्या, असं हसत सांगितलं. मी शंकरपाळ्यांचा डबा उघडून तोंड भरून घेतलं.

मी चौतीस वर्षं कुलाब्याच्या वेधशाळेत निरीक्षक होतो. शास्त्रज्ञ नव्हे. हे आधीच सांगून टाकतो, कारण लालबागेत अजून लोक मला 'वेधशाळा' म्हणूनच हाक मारतात, आणि गणपतीत पाऊस आला की मला जाब विचारतात. शास्त्रज्ञ आत बसायचे. मी बाहेर, पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीपाशी. पेटी उघडायची, तापमापक वाचायचा, पेटी लावायची, वहीत लिहायचं. वाचायची एक रीत असते. आधी दशांश वाचायचा आणि मग पूर्ण आकडा. माणूस जवळ उभा राहिला की त्याच्या अंगाच्या उबेने पारा सरकतो, आणि पहिला बिघडतो तो दशांश. नव्या पोरांना हे सांगितलं की ती हसायची. दुसरी रीत अशी की एखादं वाचन चुकलं तर रकाना रिकामा सोडायचा, अंदाजाने भरायचा नाही.

सव्वीस जुलैला सांताक्रूझला आभाळ फाटलं आणि आमच्या कुलाब्याच्या भांड्यात त्र्याहत्तर मिलिमीटर पाणी. अर्धी मुंबई बुडाली आणि यांचे त्र्याहत्तर, म्हणून लोकांनी शिव्या घातल्या. भांड्यात जे होतं ते आम्ही लिहिलं होतं. आयुष्यात मी हवामानाबद्दल खोटं कधी लिहिलं नाही. लिहिलं नाही, एवढंच म्हणतोय.

निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जातात, मी गच्चीवर जातो. आमची चाळ पाडून बिल्डरने जी बिल्डिंग उभी केली, तिच्या गच्चीवर मी वारा दाखवणारा बाण लावलाय आणि पावसाचं भांडं ठेवलंय. सोसायटीचा सेक्रेटरी दरवर्षी ते काढायला सांगतो आणि दरवर्षी जूनमध्ये मलाच फोन करून विचारतो की गळतीची ताडपत्री कधी घालायची. घरी एक लांब वही आहे. डाव्या पानावर लालबाग. उजव्या पानावर विनीतचं गाव, मिशिगन सरोवराच्या पश्चिम काठावरचं. त्याचे आकडे मी फोनवर बघून उतरवतो. विनीतचे मेसेजही त्याच पानावर जसेच्या तसे उतरवतो, कारण फोन काय, आज आहे उद्या नाही.

आता हे सरोवर म्हणजे काय ते अंबिकाला समजावताना मला घाम फुटला होता. मुंबईच्या माणसाला तलाव म्हटलं की मोडकसागर आणि तानसा आठवतात, आणि तलाव म्हटलं की पुढचा प्रश्न एकच, भरला का. विनीतला तिकडे नोकरी लागली त्या वर्षी जुलैत पेपरात सातही तलावांचे टक्के छापून आले आणि अंबिकाने त्याला फोनवर विचारलं, "तुमचो तलाव भरलो काय रे?" तो खूप हसला. दर जुलैत ती विचारायची. दोन वर्षं तो हसला, नंतर त्याने हसणं सोडलं आणि ती विचारत राहिली.

मग एकदा मी वही उलटी धरून तिला चित्र काढून दाखवलं. म्हटलं, हा तलाव नव्हे, इथून आपल्या सावंतवाडीपर्यंत लांब पाणी आहे. दिवाळीनंतर तिकडची जमीन थंड पडते, पण पाणी अजून कोमट असतं. कॅनडाकडून थंडगार वारा येतो, पाण्यावरून जाताना वाफ उचलतो आणि पलीकडच्या काठावर बर्फ करून टाकतो. आपल्याकडे पावसाळी वारा समुद्रावरून येतो आणि आंबोलीला कोसळतो, तसंच. आणि वारा बहुतेक पश्चिमेकडचा. म्हणजे बर्फ पडतो पूर्वेच्या काठावर. आपला विनीत पश्चिम काठाला. त्याच्याकडे वारा जमिनीवरून येतो, कोरडा. हां, वारा फिरला आणि ईशान्येकडून पाण्यावरून आला, तर मात्र त्याच्या दारात बर्फ.

अंबिका चौथीपर्यंत शिकलेली, पण तिने हे एका दमात पकडलं. तेव्हापासून थंडीच्या दिवसांत मी वही उघडली की ती स्वयंपाकघरातून एकच विचारते, "वारो खयसून?" मी म्हणतो, पश्चिमेकडून. ती म्हणते, मगे ठीक.

तिला जायचं होतं ते डोळ्यांसाठी. काचबिंदू. डावा डोळा दोन वर्षांपूर्वीच गेला, आणि आम्हाला वाटलं होतं चष्म्याचा नंबर वाढलाय. उजवा कडांकडून मिटत चाललाय. तिच्याच शब्दांत सांगायचं तर आधी बांगडीतून बघितल्यासारखं दिसायचं, आता अंगठीतून. परळच्या डॉक्टरीणबाईंनी सप्टेंबरमध्ये सांगितलं की गेलेलं परत येणार नाही, उरलेलं टिकवायचा प्रयत्न करू. अंबिकाने विचारलं, किती दिवस. बाई म्हणाल्या तसं सांगता येत नाही, पण वेग जास्त आहे. मला त्यांचा राग नाही आला. वेधशाळेत आम्हीही असंच बोलायचो.

आमची नात मनू पाच वर्षांची. तिच्या जन्माच्या वेळी आम्ही सहा आठवडे जाऊन आलो, तेव्हा ती गोधडीत गुंडाळलेली होती. त्यानंतर फक्त मोबाइल. मोबाइलवर अंबिकाला ती तुकड्यातुकड्यांनी दिसते. जवळ आली की एक डोळा आणि अर्धं नाक, लांब गेली की मुंगीएवढी. दवाखान्यातून येताना लालबागच्या पुलाखाली आम्ही रस्ता ओलांडायला थांबलो होतो. अंबिकाने माझं कोपर धरलं होतं. ती म्हणाली, "खरीखुरी दारात उभी रवली ना, तर सगळी दिसतली. माझ्या मापात बसतली." मग म्हणाली, डोळ्यांचं विनीतला सांगायचं नाही. डोळ्यांसाठी बोलवलंन तर मी जाणार नाही. आजीक बघूचा असा म्हणान बोलवूक होया.

मी कबूल केलं. नवरा म्हणून एवढ्या वर्षांत मी फारशा गोष्टी कबूल केल्या नाहीत, नेमकी ही केली.

तिने तयारीही सुरू केली होती. गणपतीत व्हिडिओवर मनूने तिला घावणे घालताना बघितलं होतं आणि मला तो जाळीचा डोसा हवाय म्हणून हट्ट धरला होता. डोसो न्हय गो, घावणो, असं अंबिकाने तिला तीनदा सांगितलं. तिकडच्या भांड्यांवर घावणा होत नाही हा तिचा सिद्धांत. म्हणून तिने लालबागच्या बाजारातून नवा बिडाचा तवा आणला आणि घटस्थापनेपासून तो तयार करायला घेतला. रोज तेल चोळायचं, अर्धा कांदा फिरवायचा, मंद आचेवर तापवायचा, पुसून ठेवायचा. महिनाभर आमच्या घराला जळक्या कांद्याचा वास होता. बोटांनी चाचपून ती सांगायची, अजून खरखरीत आहे, अजून आठ दिवस. बॅगेत तो कुठे ठेवायचा, कुठल्या लुगड्यात गुंडाळायचा, हेही ठरलं होतं.

आणि पाडव्याला हा मेसेज.

खरं सांगायचं तर मी तो आधी खरा मानला. हवामान म्हटलं की मी मान खाली घालतो. गेल्या वर्षीही बर्फच होता. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात कॅनडातल्या जंगलांचा धूर होता, श्वास घेता येत नाही म्हणाला. त्याच्या आधी ध्रुवावरचे वारे. दर खेपेला मी अंबिकाला समजावलं, आणि तेही पदरचं ज्ञान घालून, चित्रं काढून. माझ्याइतका समजूतदार बाप शोधून सापडला नसता.

दुपारी वही काढून मेसेज उतरवायला घेतला. उतरवताना हात थांबला तो 'मंगळवार १२ नोव्हेंबर' या शब्दांवर. भिंतीवर कॅलेंडर होतं. यंदा बारा तारीख बुधवारी होती.

आधी दशांश वाचायचा.

मी वहीची पानं मागे उलटली. गेल्या वर्षीचा ऑक्टोबर, उजवं पान. तिथे माझ्याच अक्षरात अकरा ओळी होत्या. त्याच अकरा. बर्फाची वादळं तीच, रद्द झालेली विमानं तीच, वयस्कर माणसंही तीच. गेल्या वर्षी बारा तारीख मंगळवारी होती. पोराने नवं खोटं बोलायचेही कष्ट घेतले नव्हते. आणि त्याच पानावर पुढे त्या बारा नोव्हेंबरचं वाचन होतं. कमाल नऊ अंश, ऊन स्वच्छ, वारा पश्चिमेकडून. ते मी स्वतः उतरवलं होतं आणि मला काही वाटलं नव्हतं. अंदाज चुकतात, असं मनात म्हटलं असेन. अंदाज चुकतात हे माझ्याएवढं कोणाला माहीत.

मग तिकडच्या हवामानखात्याने सरोवरांच्या भागासाठी दिलेला यंदाचा खरा अंदाज शोधला. शरद सरतानाचे आठवडे सरासरीपेक्षा उबदार राहण्याची शक्यता जास्त. पाऊस-बर्फाबाबत ठाम काही नाही. पाणी नेहमीपेक्षा कोमट, त्यामुळे पूर्व काठावर पुढे बर्फ जोरात पडू शकेल. पूर्व काठावर. मी ते तीनदा वाचलं. स्वयंपाकघरातून कांदा घासल्याचा आवाज येत होता.

दहा-बारा दिवस मी कोणाला काही बोललो नाही. राग मात्र धुमसत होता. चौतीस वर्षं आभाळाखाली उभा राहिलेल्या माणसाला त्याच्या मुलाने आभाळाची थाप मारावी. दुसरी कुठलीही मारायची. रजा नाही म्हणायचं, पाहुणे आहेत म्हणायचं. वहीची ती दोन पानं मी रोज उघडून बघायचो आणि मनात वाक्यं जुळवायचो. त्यात एक वाक्य सगळ्यात शेवटी ठेवलं होतं. तुझ्या आईचे डोळे चाललेत. अंबिकाला दिलेला शब्द मोडायचा असं ठरलं होतं माझं. हे वाक्य टाकलं की पुढच्या आठवड्याची तिकिटं येणार, यात मला शंका नव्हती.

शनिवारी दिवेलागणीनंतर, बाणाला तेल घालून येतो, असं अंबिकाला सांगून मी गच्चीवर गेलो. तिकडे सकाळचे आठ वाजले असणार. खाली लालबागचा पूल गाड्यांनी भरला होता. संध्याकाळचा वारा वायव्येकडून येत होता, बाण तिकडे तोंड करून स्थिर होता. मी फोन लावला.

विनीतने लगेच उचलला. "बाबा? आत्ता? आई बरी आहे ना?"

दार त्याने स्वतःच उघडलं होतं. पण मला आधी माझा खटला चालवायचा होता. बरी आहे, म्हटलं, आणि वही उघडली.

"विनीत, बारा तारीख यंदा बुधवारी आहे."

तो म्हणाला, "तुम्ही ते पण लिहून ठेवलंय." मी हो म्हटलं. मी त्याला गेल्या वर्षीच्या अकरा ओळी वाचून दाखवल्या. मग त्या दिवसाचं तापमान. मग वारा, मग पूर्वेचा आणि पश्चिमेचा काठ. कबूल करतो, मला मजा येत होती. आवाज चढला नव्हता माझा. वेधशाळेत साहेबांना चूक दाखवताना जसा बोलायचो तसा एकेक आकडा पुढे ठेवत होतो.

माझं झाल्यावर त्याने कुठलं तरी दार लावून घेतल्याचा आवाज आला. तो म्हणाला, हो, खोटं होतं. गेल्या वर्षीचंही आणि धुराचंही अर्धंच खरं. अनुजाचा यात काही संबंध नाही, तिला तर आई यायलाच हवी आहे. अनुजा म्हणजे आमची सून. "मलाच नको होतं बाबा."

का, म्हणून मी विचारलं.

"मागच्या वेळी सहा आठवडे तुम्ही दोघं सोफ्याच्या टोकाला बसून होता," तो म्हणाला. "मी ऑफिसातून आलो की उठून उभे राहायचात. माझ्याच घरात, मी आलो म्हणून. आई पाणी प्यायलाही अनुजाला विचारायची. मी किती वेळा सांगितलं. तुम्ही हो म्हणायचात आणि दुसऱ्या दिवशी परत उभे. मला घरी जावंसं वाटेना. गाडीत बसून राहायचो खाली. सकाळी उठलो की मोजायचो, किती दिवस उरलेत."

हे आम्ही करत होतो हे मला ठाऊक नव्हतं. उभे राहत असू. तिथली जमीन इतकी स्वच्छ होती की बसायचीच भीती वाटायची.

मी म्हटलं, मग हे सांगायचं होतंस. तो म्हणाला, सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, यापुढे नाही उभे राहणार. आला असतात आणि उभे राहिला असतात. हवामान सांगितलं की तुम्ही वाद घालत नाही.

"आणि हे मी तुमच्याकडूनच शिकलो," तो म्हणाला.

मी विचारलं, काय शिकलास. विचारायला नको होतं. मला उत्तर माहीत होतं आणि तरी विचारलं, कारण त्याला ते माहीत असेल असं मला तीस वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं.

तो दादरच्या शाळेत सातवीत होता. बाईंनी मुलांच्या वडिलांना वर्गात बोलवायचं ठरवलं होतं, प्रत्येकाने येऊन आपल्या कामाबद्दल सांगायचं. विनीतने माझं नाव दिलं. मी हरखून गेलो. शर्टाला इस्त्री करून घेतली, रजा टाकली, एक फुटका तापमापकही पोरांना दाखवायला मागून आणला. आदल्या संध्याकाळी त्याच्या डायरीत बाईंची चिठ्ठी बघितली. उद्याचे पाहुणे, शास्त्रज्ञ श्री. दौलत धुरी. पोराने वर्गात सांगितलं होतं की माझे बाबा शास्त्रज्ञ आहेत, पाऊस केव्हा पडणार ते तेच ठरवतात. दुसऱ्या पाहुण्यांत एक डॉक्टर होता आणि एक बँकेतला साहेब. सकाळी उठलो आणि त्याला सांगितलं, अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झालाय, वादळ होईल, रजा रद्द झाली. फेब्रुवारी महिना होता.

"मी वर्गात उभा राहून तसंच सांगितलं," विनीत फोनवर म्हणाला. "बाई भूगोल शिकवायच्या. त्या हसल्या. फेब्रुवारीत अरबी समुद्रात वादळ? मग सगळा वर्ग हसला. खिडकीतून आभाळ दिसत होतं, निळं. मी घरी येऊन तुम्हाला काहीच विचारलं नाही."

मग तो हळू आवाजात म्हणाला, "त्या दिवशी तरी कुठे वादळ होतं, बाबा?"

नव्हतं. त्या दिवशी मी वरळीला समुद्राकडे तोंड करून बसलो होतो, इस्त्रीच्या शर्टात, सकाळपासून शाळा सुटायच्या वेळेपर्यंत. पाणी अगदी शांत होतं. वाऱ्याचा वेग ताशी आठ-दहा किलोमीटर असेल. डबा तिथेच खाल्ला. संध्याकाळी घरी आलो तेव्हा विनीत गृहपाठ करत होता आणि मी त्याला सांगितलं की वादळ ओमानकडे वळलं.

माझं शेवटचं वाक्य तोंडाशीच होतं. आत्ता बोललो असतो तर काम झालं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण त्याच्या कानाला ते कसं लागेल तेही ऐकू येत होतं. बापाला एवढं उघडं पाडल्यावर बाप म्हणतो, तुझी आई आंधळी होत चाललीय. हेही फेब्रुवारीतलं वादळच वाटलं असतं त्याला. पुरावे होते, डॉक्टरांचे कागद होते, फोटो काढून पाठवता आले असते. हे सगळं आता सुचतंय. तेव्हा मला फक्त लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मी पळतो. अंबिकाला दिलेला शब्दही मदतीला धावून आला. शब्द मोडणं बरं नव्हे, असं मी स्वतःला सांगितलं. शब्द पाळण्याचं माझ्या मनात तोवर अजिबात नव्हतं.

विनीत म्हणाला, "आईला काय सांगू मी?"

मी म्हटलं, तू नको. मी सांगतो, बर्फ आहे म्हणून.

"थँक्स, बाबा," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज खरोखरच मोकळा झाला होता. उन्हाळ्यात नक्की बघू, असंही म्हणाला. मी हो म्हटलं. उन्हाळ्यापर्यंत तिच्या अंगठीतून काय दिसणार होतं, ते मला माहीत होतं आणि त्याला माहीत नव्हतं. हा फरक मी तसाच राहू दिला. फोन बंद करून थोडा वेळ बाणाकडे बघत बसलो. तो वायव्येलाच होता. त्याला तेल घातलंच नाही.

खाली आलो तर घरात जळक्या कांद्याचा वास नव्हता. आज दुसराच वास होता, तांदळाचा. अंबिकाने नवा तवा गॅसवर चढवला होता आणि पहिला घावणा घातला होता. मान वाकडी करून, उजव्या डोळ्याच्या त्या उरलेल्या भोकातून ती कडेची वाफ बघत होती. उलथनं घातलं तर घावणा कुठेही न चिकटता अख्खा सुटून आला, पांढराशुभ्र, जाळी पडलेला. ती स्वतःवरच खूश झाली. म्हणाली, झालो तयार, आता खयव घेवन् जावा.

मी खुर्चीवर बसून वही उघडली. तो आवाज तिने ओळखला.

"वारो खयसून?" तिने विचारलं.

विनीतच्या गावी त्या दिवशी सात अंश होते, ऊन होतं, वारा पश्चिमेकडून होता. गच्चीवर जायच्या आधीच मी बघून ठेवलं होतं. मी म्हटलं, "ईशान्येकडून."

तिचा हात उलथन्यावर थांबला. मी शिकवलेलं ती विसरली नव्हती. ईशान्येकडून म्हणजे पाण्यावरून, पाण्यावरून म्हणजे त्याच्या दारात. एवढ्या वर्षांत तिने माझ्या आकड्यावर कधी उलट प्रश्न केला नव्हता, तसा तेव्हाही केला नाही. किती दिवस राहील, एवढंच विचारलं. मी म्हटलं, बराच काळ.

तिने गॅस बारीक केला. थोड्या वेळाने म्हणाली, "झिलाक सांगा, मनूक टोपी घालूक. कान झाकतली अशी." मग म्हणाली, लिवा तुमी, लिवून ठेवा, नायतर विसारशात.

रकाना रिकामा सोडता आला असता. तिला वहीतलं दिसत नाही, मी काय लिहितो ते तिला कधी कळणारही नव्हतं. पण पेनाचा आवाज तिला ऐकू येतो. मी उजव्या पानावर तारीख घातली आणि वाऱ्याच्या रकान्यात ईशान्य असं लिहिलं, खाली सही केली.

अंबिकाने तो पहिला घावणा माझ्या ताटात वाढला आणि शेजारी येऊन बसली. मी खायला सुरुवात करत नाही हे बघून तिने हात पुढे केला आणि जाळी नीट पडलीय का, ते बोटांनी चाचपून बघत राहिली.